आठ तास

“लाइट किती तास असतो, काकू?” त्या मुलानं विचारलं, आणि मी एका दमात “आठ तास” सांगून मोकळी झाले.

विचार करायलासुद्धा थांबले नाही. पोवई नाक्याहून खाली उतरताना एका बोळात त्याचं घरी पाळायच्या माशांचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, तिन्ही भिंतींना टाक्या, आत पाऊल टाकलं की पावसाळ्यात बंद राहिलेलं घर उघडावं तसा ओला वास. मी पर्समधून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली होती. तिच्यात ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं अनुबियासचं, माझ्या माशांच्या टाकीतल्या एका पाणवनस्पतीचं, पान, कडेनं बारीक काळे खुंट उगवलेलं, आठवडाभर दाढी न केलेल्या गालासारखं. त्यानं ते ट्यूबलाइटसमोर धरलं, उलटं केलं, नखानं एक केस ओढून पाहिला. निघाला नाही. “आठ तासांत एवढं यायला नको खरं तर,” असं तो स्वतःशीच म्हणाला, जरा वेळ गप्प राहिला आणि फळीवरची द्रवखताची एक बाटली काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली. साडेतीनशे रुपये. त्यात काय काय आहे, किती थेंब, कोणत्या वारी, सगळं त्यानं नीट समजावलं. मी मान डोलावत राहिले. आणि सगळा वेळ मला ठाऊक होतं की ही बाटली माझ्या टाकीसाठी नाहीच. रोज आठ तास दिवा लावणाऱ्या कुणा शहाण्या बाईच्या टाकीसाठी आहे.

खरं उत्तर होतं तेरा. कधी चौदा. सकाळी शाळेत जाताना बंद करायचा राहिला तर अठरासुद्धा.

मुलगा असेल बावीस-तेवीसचा. असे शेकडो माझ्या हाताखालून गेलेत. गृहपाठ केला का म्हणून विचारलं की डोळ्याला डोळा देऊन “हो मॅडम” म्हणणारे. खोटं ऐकायची मला तीस वर्षांची सवय आहे. बोलायचीही इतकी असेल असं वाटलं नव्हतं. बरं, लपवायचं काय, तर दिव्याचे तास! घरी येऊन बाटली फडताळात ठेवली, तिचं झाकणही उघडलं नाही, आणि दोन दिवस ती दिसली की मला कसंतरी होत राहिलं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. हिशेबानं सत्तर लिटर, पण माती, दगड आणि लाकडाचा ओंडका वजा जाता पाणी पंचावन्नच्या आसपास. ती लेकीच्या खोलीत आहे. जूनमध्ये लेक नोकरीसाठी बंगळूरुला गेली, तिचं टेबल भाच्याला दिलं, आणि टेबलामागच्या भिंतीवर पेनाच्या रेघोट्यांचा एक लांबट चौकोन उघडा पडला. तो झाकायला काहीतरी हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत टाकी आणली. लोकांना मी सांगते की छंद आहे. ह्यांना साडेनऊला झोप लागते. माझी पाळी गेली तेव्हा जाताना झोपही घेऊन गेली. असं होतं हे आधी कुणी सांगत नाही. तर साडेनऊनंतर सगळं घर काळं, मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी जागं नाही, आणि त्या एका खोलीत हिरवट उजेड. फिल्टरची बारीक धार. मी तिथं वह्या तपासते, तपासून झाल्या की नुसती बसते. निऑन टेट्रा मासे इकडून तिकडं जातात, परत येतात. घड्याळाकडं बघितलं तर एक वाजलेला असतो.

पहिले दहा दिवस टाकी अगदी चित्रातल्यासारखी होती. मग एका सकाळी काचेवर, दगडांवर, पानांवर कुणीतरी चहाची भुकटी भुरभुरवल्यासारखी तपकिरी साय दिसली. बोट फिरवलं की निघायची, दोन दिवसांत परत यायची. डायटम त्यांचं नाव. नव्या टाकीला ही पहिली पाहुणी बहुतेक येतेच आणि झाडं रुजली की आपणहून जाते. ती गेली. मग क्रिप्टोकोरिन नावाच्या पाणझाडांची पानं विरघळायला लागली. वाळली नाहीत, पिवळी पडली नाहीत, विरघळली. आधी काचेसारखी आरपार झाली आणि हात लावला तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी बोटाला आली. मी दोन झाडं उपटून कचराकुंडीत फेकली. तिसरं कंटाळा आला म्हणून राहिलं. तीन आठवड्यांनी त्याच बुडख्यातून करंगळीएवढी नवी पानं वर आली. नर्सरीत ही झाडं हवेत पानं काढून वाढवतात. पाण्यात बुडवली की ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यात चालतील अशी दुसरी काढतात. मूळ जिवंत असतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर आज तीन असती.

त्यानंतर हिरवे धागे आले, ओल्या लोकरीसारखे. जुना टूथब्रश घालून गोल फिरवला की साखरेच्या म्हातारीच्या केसांसारखे गुंडाळले जात, हे काम मला जरा आवडायलाही लागलं होतं. मग काचेवर हिरवे घट्ट ठिपके, जे मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं खरवडावे लागतात. आणि शेवटी ही काळी दाढी. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून माझं कोपर फुटलं होतं ते शेवाळ म्हणजे शेवाळ, एवढंच मला ठाऊक. त्यात जाती असतात, प्रत्येकीची येण्याची वेळ वेगळी, कारण वेगळं, घालवायची रीत वेगळी, हे पन्नाशीनंतर कळलं. दाढीवाल्या शेवाळाला तर काळं म्हणतात पण ते असतं तांबड्या शेवाळांच्या कुळातलं. खात्री करायची असेल तर पान स्पिरिटमध्ये बुडवा, असं कुणीतरी सांगितलं. मी रात्री प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट पांढऱ्या वाटीत ओतून त्यात तुकडा टाकला. सकाळी काळे केस तांबूस झाले होते, हिरवा रंग सगळा स्पिरिटमध्ये उतरलेला. ह्यांनी चहा पिताना वाटीत डोकावून विचारलं, “हे काय शिजवलंयस?”

माशांचीही एक गोष्ट आहे, ती सांगायला लाज वाटते. आमच्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. आरोग्य खात्याचा माणूस डब्यातून गप्पी आणायचा आणि हौदात सोडून जायचा. ते जगायचेच. त्यामुळे मासे म्हणजे पाण्यात टाकले की झालं, असा माझा समज. चौथ्या दिवशी मी सहा निऑन सोडले, नवव्या दिवशी चार उरले. टाकी नवी असली की माशांच्या विष्ठेतून, कुजल्या पानांतून अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग झाडांच्या कामाचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार-सहा आठवडे घेतात. कच्चं शेणखत घालू नये, पोळतं, हे कोरेगावातलं शेंबडं पोरही सांगेल. इथं मी तेच केलं होतं. त्या वेळी याच मुलानं आपल्या जुन्या टाकीतला स्पंज माझ्यासमोर एका पिशवीत पिळला. काळपट तपकिरी गढूळ पाणी. “हे ओता, काकू. आणि तुमचा स्पंज कधी नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच पाण्यात खळबळा.” मी पिशवी धरून स्कूटीवर बसले तेव्हा डोक्यात एकच शब्द आला, विरजण. शेजारणीकडून वाटीत मागून आणावं तसं. उरलेले चार निऑन अजून आहेत.

म्हणजे या मुलाचे माझ्यावर आधीचेच उपकार होते. आणि त्यालाच मी आठ तास सांगितलं.

पर्समधून पान काढताना माझा हात किंचित थबकला होता, तो का हे मला घरी आल्यावर कळलं. आप्पांचं, माझ्या वडिलांचं, कोरेगावात कृषी सेवा केंद्र होतं. ऐंशीच्या दशकातलं, पत्र्याची शेड, युरियाच्या पोत्यांची थप्पी, नाकात बसलेला फोरेट या कीटकनाशकाचा वास, जो आजही कुठं आला तर मला भूक लागते, कारण शाळा सुटल्यावर मी तिथंच बसून डबा खायची. शेतकरी पान घेऊन यायचे. टोपीच्या घडीत, धोतराच्या सोग्यात, वर्तमानपत्राच्या कपट्यात, एकदा तर एकानं आल्याचा अख्खा गड्डा मातीसकट काखोटीला मारून आणला होता. “आप्पा, ह्ये बगा की.” आप्पा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “वरचं का खालचं?”

रोग आधी कोवळ्या पानावर दिसला की जुन्या, यावर सगळं होतं. नत्र, पालाश कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह, चुना असं हलवता येत नाही. लोह कमी पडलं की वरचं कोवळं पानच पांढुरकं निघतं, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडं त्याला केवडा पडला म्हणतात. चुनखडीच्या रानात उसावर हमखास पडायचा, आणि आप्पा हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, फवारायला द्यायचे. “म्हातारी पानं पोरांना ताटातलं काढून देत्यात,” आप्पा म्हणायचे, “पर लोह न्हाई देऊ शकत. द्यायचं मन असलं तरी.” लहानपणी मला हे वाक्य फार गोड वाटायचं. हल्ली वाटत नाही. आईनं ताटातलं काढून द्यायचंच असतं हे झाडांनासुद्धा लावायची काय गरज होती?

दुकानाच्या भिंतीवर खताच्या कंपनीचं एक चित्र होतं. लाकडी पिंप, त्याच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या, आणि सगळ्यांत आखूड फळीवरून पाणी सांडतंय. खाली जस्टस फॉन लीबिग या १९ व्या शतकातल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं नाव. बाकीच्या फळ्या कितीही उंच करा, पाणी राहणार आखूड फळीइतकंच. ते पिंप माझ्या डोळ्यांपुढं असं आहे की काढून दाखवीन. टाकीतल्या पानांना खालच्या बाजूनं टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली तेव्हा मी मनातल्या मनात “खालचं, पालाश” म्हणून मोकळी झाले होते. पण पालाश का कमी पडलं? कारण दिवा हा कामाचा तगादा असतो. जितका वेळ दिवा, तितका वेळ झाडाला राबावं लागतं, आणि राबायला नत्र, पालाश, कार्बन डायऑक्साइड सगळं तितकंच लागतं. ते नसेल तर झाड थकून बसतं आणि उरलेला उजेड शेवाळ खातं. शेवाळाला फार थोडक्यात भागवता येतं. मी तर घरची साखर आणि यीस्ट घालून बाटलीत वायू तयार करायचा उद्योगही केला होता. भिजवलेल्या मैद्यासारखा आंबूस वास, पहिल्या आठवड्यात भराभर बुडबुडे, आणि सातारच्या जानेवारीच्या थंडीत यीस्ट गारठलं की मिनिटाला एक. कधी पोटभर, कधी उपास. काळ्या दाढीला यापेक्षा आवडीचं काही नसतं म्हणतात.

एवढं सगळं मला येत होतं.

आता पोत्यांची गोष्ट. आप्पांना युरिया किती टाकला हे कळल्याशिवाय औषध देता यायचं नाही, आणि कुणीही शेतकरी खरं सांगायचा नाही. शिफारशीपेक्षा जास्त टाकलं म्हणून आप्पा रागावतील अशी भीती, किंवा उधारीवर नेलेली पोती शेजाऱ्याला विकली असतील, किंवा उगाच. “एक पोतं टाकलं की, आप्पा.” पीक अंगावर आलेलं, काळंशार, मावा लागलेला, आणि एक पोतं. आप्पा वाद घालायचे नाहीत. ते पानाकडं बघत, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलल्यासारखं विचारायचे, “रिकामी पोती हायत का रं? घेवडा भरायला पायजेत मला.” आणि समोरचा उत्साहानं म्हणायचा, “हायत की! चार हायत गोठ्यात.” मग दोघंही गप्प. मग दोघंही हसायचे. मी डबा खाता खाता हे इतक्यांदा बघितलंय की चार म्हटल्याबरोबर मी आप्पांच्या मिशीकडं बघायची.

त्या माणसाची मुलगी मी, आणि अनुबियासचा कंद मातीत पुरला. त्यावर कुणीही हसावं. अनुबियासला मुळं मातीत चालतात, कंद वर लागतो. पुरला की सडतो. आल्याची कंदकूज बघत मी मोठी झाले. साचलं पाणी, मऊ पडलेला गड्डा, बोटानं दाबला की येणारा तो नासका वास. तरी दुकानातून आणलेलं झाड मी भाजीच्या रोपासारखं खड्डा करून लावलं. महिन्याभरानं बाहेर काढलं तर कंदाचा मागचा अर्धा भाग लोण्यासारखा. कापून टाकला, उरलेला काळ्या दोऱ्यानं लाकडाला बांधला. काळी दाढी त्याच झाडावर आधी आली. दुखऱ्या, न वाढणाऱ्या पानावरच ती आधी बसते.

पाण्याला बोल लावायचीही सोय नव्हती. दुकानातल्या मुलाचा पहिला संशय तोच होता, “बोअरचं का?” म्हटलं, नाही, आमच्या भागाला कासचं येतं. “मग पाण्याचा प्रश्न नाही,” तो म्हणाला. कासच्या तलावाचं पाणी नळाला येणं ही आम्हा वरच्या पेठांतल्या लोकांची जुनी मिरवायची गोष्ट आहे. डाळ एका शिट्टीत शिजते आणि माहेरी कोरेगावला गेलं की तिथल्या चहाला नावं ठेवता येतात. त्याच कासच्या पठारावर दीड वर्षापूर्वी लेकीला घेऊन गेले होते, सप्टेंबरात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून गर्दीला विचारू नका. तरी गाड्या मागं टाकून थोडं चाललं की जांभ्याच्या सड्यावर उथळ डबकी लागतात. एका डबक्यात लेकीनं दाखवला वायतुरा. पाण्यातून वर आलेला दांडा आणि टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखे फुटलेले दोन तुरे. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. आमच्या साताऱ्याचं नाव लॅटिनमध्ये, तेही एका पाणवनस्पतीला! याच अ‍ॅपोनोजेटॉनचे भाऊबंद मासे पाळणारे जगभर टाकीत लावतात.

आजूबाजूला सीतेची आसवं निळी-जांभळी पसरली होती. तीही मोठी लबाड वनस्पती. जमिनीत पोषण नाही म्हणून बारीक पिशव्यांनी पाण्यातले किडे धरून खाते. सडा इतका दरिद्री आहे की झाडांना शिकारीवर जगावं लागतं. त्या डबक्याचं पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं. वायतुऱ्याचे कंद पाऊस संपला की कोरड्या मातीत झोपतात ते थेट पुढच्या पावसापर्यंत. माझ्या हाताला खाज सुटली होती हे कबूल करते. रखवालदार लांब होता, पर्समध्ये पिशवी होती. “आई, विचारसुद्धा करू नकोस,” लेक माझ्याकडं न बघता म्हणाली. मी म्हटलं, मी कुठं काय करतेय. तेव्हा तर माझ्याकडं टाकीही नव्हती. पण हे नंतर रात्री टाकीसमोर बसले असताना आठवायचं. एखादा कंद इथं लावला असता तर त्याला मी रात्री एकपर्यंत जागवलं असतं. पठारावर जुलै-ऑगस्टात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, नुसतं धुकं, आणि तिथली झाडं तेवढ्या उजेडावर फुलं काढतात.

आप्पांना शेवटच्या वर्षी साताऱ्यात एका डॉक्टरांना दाखवलं होतं. तोंडात चट्टा होता. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू किती?” आप्पा म्हणाले, “दिवसातनं दोनदा.” शांतपणे, डोळ्याला डोळा देऊन. मी मागं खुर्चीत बसले होते. चंचीतली तंबाखू तीन दिवसांत संपायची, दर तीन दिवसांनी नवी पुडी मीच आणून द्यायचे. डॉक्टरांनी लिहून घेतलं. दोनदा. मला तेव्हा वाटलं, आप्पांनी समोरच्याला रिकाम्या पोत्यांबद्दल विचारायचं शिकवायला हवं होतं. मी विचारू शकले असते, “आप्पा, रिकाम्या पुड्या कुठं आहेत?” विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी रस घेऊया म्हटलं आणि आम्ही रस घेतला.

जानेवारीच्या शेवटी मी पुन्हा दुकानात गेले. कारण काढलं अमानो कोळंबीचं. शेवाळ खाण्यात या कोळंबीचा हात धरणारं कुणी नाही असं वाचलं होतं. नाव पडलंय ताकाशी अमानो या जपानी माणसावरून (१९५४ ते २०१५). आधी सायकल शर्यतींत पैसे कमावले, मग जंगलांचे फोटो काढले आणि मग टाकीत जंगल उभारायची एक पद्धतच जगाला दिली. शेवाळाशी झुंजताना त्यानं ही कोळंबी हाताशी धरली. मला हे फार आवडलं होतं, इतक्या मोठ्या माणसाच्या टाकीतही शेवाळ व्हायचं म्हणून. मुलगा म्हणाला, पुण्याहून मागवावी लागेल, महाग पडेल, आणि मूळ कारण राहिलं तर कोळंबी किती खाणार? मग एका टाकीतली जाळी काढत, माझ्याकडं पाठ करून, सहज विचारल्यासारखं म्हणाला, “काकू, निऑन झोपले की त्यांचा पट्टा फिका पडतो, बघितलाय का कधी?”

“हो तर!” मी म्हणाले. मला एकदम उत्साह आला. “अगदी राखाडी होतात. एकला मी दिवा घालवते ना, मग थोड्या वेळानं मोबाइलचा उजेड पाडून बघते. सकाळी परत निळे.”

जाळी तशीच हातात धरून तो वळला. “एकला?”

चार हायत गोठ्यात.

मला आधी लाज वाटली आणि मग इतकं हसू आलं की तिथल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसावं लागलं. तोही हसला, जरा बिचकत, कारण त्याला सगळा विनोद कळायला काही मार्ग नव्हता. त्यानं मुद्दाम विचारलं होतं का सहज, हे मी विचारलं नाही. मग मी सगळं सांगितलं. सकाळचे साडेपाच तास, संध्याकाळचे साडेसात, विसरले तर अठरा. बाटली उघडली नाही हेही सांगितलं. झोपेचंही सांगून टाकलं, ते का सांगितलं कोण जाणे, पोराला काय करायचंय. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग सकाळी कशाला लावता? टाकीला सकाळ कधी करायची ते आपल्या हातात असतं. साडेसहाला लावा संध्याकाळी, साडेबाराला बंद. सहा तास. तुमचंही झालं, त्यांचंही झालं.”

इतकं सोपं. अडीचशे रुपयांचा टायमर घेतला, आणि एक कोळंबीही मागवलीच. त्यानं सांगितल्याप्रमाणे दाढीची पानं कात्रीनं मुळाशी कापली, साखरेची बाटली मोरीत ओतली, भराभर वाढणारं हॉर्नवर्ट आणि वॉटर विस्टेरिया मूठमूठ लावलं, दर रविवारी अर्धं पाणी बदललं. बाटलीतलं खत त्याच्या पहिल्या हिशेबाच्या निम्म्यानं सुरू केलं. महिन्याभरात हिरवे धागे जवळजवळ गेले. विस्टेरियाची नवी पानं भोकांशिवाय येताहेत. काळी दाढी पानांवर नवी नाही, पण ओंडक्याच्या एका टोकाला आहे, फिल्टरच्या धारेत हलते. ती काढावी का राहू द्यावी हे ठरलेलं नाही. खरं सांगायचं तर बरी दिसते. दिवसभर आता टाकीत अंधार असतो. शाळेतून आल्यावर खोलीत गेलं की काचेवर खिडकी दिसते आणि खिडकीत अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा, जो आधी दिव्यामुळे कधी दिसला नव्हता.

परवा रविवारी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. टाकी दाखव म्हणाली. दाखवली. “अगं, काही दिसत नाहीये. लाइट गेलेत का?”

“नाही. त्यांची रात्र आहे,” मी म्हणाले, आणि टायमरचं सगळं सांगितलं, सहा तासांचं, पानांचं, विस्टेरियाचं. तिला ते आवडलं. साडेबाराला बंद होतो म्हटल्यावर मात्र ती थांबली.

“आणि तू? तू कधी झोपतेस?”

“मी कशाला थांबतेय, टायमर आहे ना आता. साडेदहाला पाठ टेकते.”

“अच्छा.” ती पलीकडं काहीतरी खात होती, भेळ असावी, कागदाचा आवाज येत होता. “बरं आई, तो कोळंबीचा व्हिडिओ मस्त होता हं. कधी पाठवलास गं?”

“काल रात्री. ती कात टाकत होती ना, आख्खी बाहेर आली, पाऊणला. मी म्हटलं तुला दाखवावी...”

कागदाचा आवाज थांबला. मी कॅमेरा पुन्हा टाकीकडं वळवला, आणि बराच वेळ आम्ही दोघी तो अंधार बघत राहिलो.